शनिवार नावाचं गाव: स्पिशस्का सोबोता कशी बघावी

पहिल्यांदा मी स्लोव्हाकियातल्या सोबोत्याला गेलो तेव्हा वीस मिनिटांत परत आलो. चौकाला एक फेरी मारली, चार फोटो काढले, चर्चला कुलूप दिसलं, थंडीनं नाक गळायला लागलं. भाचा म्हणाला, "मामा, झालं ना बघून? चला." झालं म्हणालो. घरी आल्यावर फोटो पाहिले, तर चारही फोटोंत छपरं अर्धी कापलेली. ड्राफ्ट्समन माणसानं असा फोटो काढावा याची लाज वाटली. पुढच्या वर्षी एकटाच गेलो आणि दोन रात्री राहिलो. खाली सांगतोय ते सगळं त्या दुसऱ्या खेपेचं शहाणपण आहे.

आमच्या नाशिकची बरीच पोरं आता स्लोव्हाकियात कार कारखान्यांत आहेत. माझा भाचा झिलिनात असतो. त्यामुळे आईबाप, काका-मामा तिकडे महिना-दोन महिने जाऊन राहतात, आणि पोरगं कामावर गेलं की यांना प्रश्न पडतो, दिवसभर करायचं काय. त्यांच्यासाठी हे लिहितोय. डोंगर, गुहा, गरम पाण्याचे तलाव हे सगळं कुणीही दाखवतं. जुनी राहती गल्ली कशी बघायची हे कुणी सांगत नाही.

स्पिशस्का सोबोता हा पोप्राद शहराचा एक भाग आहे. पोप्राद म्हणजे उंच तात्रा डोंगरांच्या पायथ्याचं, पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. आपल्या सिडकोच्या एका कोपऱ्यात मावेल. सोबोता त्याच्या मध्यापासून दोनेक किलोमीटरवर, नदीपलीकडे थोडी चढावर. पण हे पोप्रादचं उपनगर म्हणून वसलेलं नाही. कागदोपत्री त्याचं नाव १२५६ पासून सापडतं, आणि कित्येक शतकं ते स्वतंत्र, पोप्रादपेक्षा मानाचं गाव होतं. पोप्रादमध्ये त्याला घातलं १९४६ साली. पंचवटीवाला जसा "मी नाशिकला जाऊन येतो" म्हणून पूल ओलांडतो, तशी त्या दोन गावांची भावकी असावी असं मला तिथं फिरताना वाटलं.

नावाची गंमत आधी सांगतो, म्हणजे लक्षात राहील. स्लोव्हाक भाषेत 'सोबोता' म्हणजे शनिवार. शनिवारी तिथं बाजार भरायचा म्हणून गावच शनिवार झालं. त्याच भागात श्त्वर्तोक, म्हणजे गुरुवार नावाचंही गाव आहे, आणि खाली डॅन्यूबकडे 'बुधवार' नावाचं मोठं शहर आहे. रविवार कारंज्यावर वाढलेल्या आणि बुधवारच्या बाजाराला गंगेवर जाणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता तयारी. व्हिसा, विमा या गोष्टी पोरगं करतंच, तरी दोन ओळी: शेंगेन व्हिसा लागतो, प्रवासी विमा निदान ३०,००० युरोंचा हवा, आणि अर्ज निघण्याच्या पंधरा दिवस आधी तरी गेलेला पाहिजे; सहा महिन्यांआधी तो घेतच नाहीत. स्लोव्हाकियात २००९ पासून युरोच चालतो, वेगळं चलन शोधू नका.

खरी तयारी नाशिकमध्ये करायची आहे. जाण्यापूर्वी एका रविवारी सकाळी सातला रविवार कारंज्यावर उतरा आणि मेनरोडनं सरकारवाड्यापर्यंत, तिथून सराफ बाजार, भांडी बाजार करत गंगेपर्यंत चालत जा. दुकानं उघडायच्या आत. दुकानं उघडली की पाट्या दिसतात, घरं दिसत नाहीत. मान वर करून चाला. माडीच्या खिडक्या बघा, तुळयांची कोरलेली टोकं बघा, वळचण किती बाहेर आलीय ते बघा, पन्हाळ्याचं पाणी कुठं पडत असेल ते बघा. मोठ्या दारातला दिंडी दरवाजा बघा. घर किती खणी आहे ते मोजा. मी चाळीस वर्षं वेगवेगळ्या आर्किटेक्टांकडे नकाशे काढले, त्यातले निम्मे पाडायच्या वाड्यांचे. टेप घेऊन ओसरी, चौक, माजघर, बळद मोजायचं, कागदावर आणायचं, आणि पुढच्या महिन्यात तिथं खड्डा. आमच्या स्वतःच्या वाड्याची मापंही मीच घेतली. सांगायचा मुद्दा एवढाच, की ही सवय झाली तर सोबोत्यात तुमचे दोन दिवस कसे जातील कळणार नाही. सवय नसेल तर वीस मिनिटं पुरतात. मी स्वतः तेवढ्यात परतलो होतो.

झिलिनाहून पोप्रादला थेट गाडी आहे, दोन तासांच्या आत पोचवते. ब्रातिस्लाव्हाहून निघालात तर साधारण चार तास. दोन्हीकडून येताना डाव्या खिडकीला बसा. डोंगर उत्तरेला आहेत. श्त्रबा नावाचं स्टेशन येतं, तिथं गाडी चढाच्या माथ्यावर असते, आणि तिथंच पाणी दोन दिशांना फुटतं. अलीकडचं पाणी शेवटी काळ्या समुद्राला जातं, पलीकडची पोप्राद नदी उलटी उत्तरेला, पोलंडमधून बाल्टिक समुद्राला. त्र्यंबकच्या डोंगरावर एका अंगाचं पाणी गोदावरीला आणि दुसऱ्या अंगाचं अरबी समुद्राला जातं, तसंच.

तिकिटाचं एक. तिकडे २०१४ पासून विद्यार्थी आणि ६२ वर्षांवरच्या लोकांना रेल्वे फुकट केली. भाच्याच्या शेजारणीकडून हे ऐकून मी मोठ्या ऐटीत खिडकीवर पासपोर्ट पुढं केला, जन्मतारखेवर बोट ठेवलं. खिडकीतल्या बाईंनी तारीख पाहिली, मग पासपोर्टचा रंग पाहिला आणि मान हलवली. ती सवलत आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी नाही. तिकीट काढा.

पोप्राद स्टेशनवर मुख्य गाड्यांच्या वरच्या अंगाला छोट्या रुळांची विजेची गाडी उभी असते. ती तात्रा डोंगरात जाते, १९०८ पासून. सगळे पर्यटक तिच्याकडे पळतात. तुम्ही खाली उतरा. सोबोत्याला शहर बस जाते, पण पाय धड असतील तर चालत जा, रमतगमत अर्धा-पाऊण तास. वाटेत पोप्रादचा स्वतःचा जुना चौक लागतो, मग नवे रस्ते, मग नदी. नदी म्हणजे आपली नासर्डी पावसाळ्यात असते तेवढी, पण स्वच्छ. ती ओलांडली की चढ सुरू होतो, आणि घरांच्या वर मनोऱ्यांची टोकं दिसायला लागतात. बसनं गेलात तर हा चढ चुकतो, आणि गाव उंचवट्यावर का वसवलं ते कळत नाही.

चौकात आल्यावर लगेच आत घुसू नका. एका टोकाला उभे राहा. हा आपल्यासारखा चौकोनी चौक नाही. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगलेला, मासा आडवा ठेवावा तसा. मुळात हा रस्ताच. बाजार भरायला जागा हवी म्हणून मध्ये पोट सुटलेला. दोन्ही बाजूंना घरं खांद्याला खांदा लावून, आणि पोटात झाडं, चर्च, घंटेचा मनोरा. आता डाव्या हाताच्या फुटपाथनं एकदा पूर्ण जा, पण बघायचं उजव्या हाताच्या घरांकडे. मग उलटं. आपल्या जवळचं घर नीट दिसत नाही, समोरचंच दिसतं. भांडी बाजारात ही सोय नाही, गल्ली पाच हात रुंद. इथं आहे, तर वापरा.

बघायची सुरुवात छपरापासून करा. छपरं उंच, कडक उताराची, कित्येकांवर लाकडी फळकुटांची कौलं. त्याला ते 'शिंदेल' म्हणतात. उतार बर्फासाठी आहे. आपला उतार पाणी वाहून जाण्यापुरता, त्यांचा बर्फ घसरण्यापुरता. पुढं आलेली वळचण बघा, काही घरांवर इतकी बाहेर आलीय की तिच्याखाली चार माणसं कोरडी उभी राहतील. आमच्या वाड्याच्या वळचणीखाली पावसात भाजीवाली बसायची. इथं बाजाराच्या दिवशी कोण बसत असेल याचा अंदाज बांधायला मग फार डोकं लागत नाही.

छपराखाली भिंती. बाहेरून रंगवलेला, नक्षीचा गिलावा बघून घर दोनेकशे वर्षांचं वाटतं. फसू नका. मधल्या काळात या घरांचे दर्शनी भाग पुन्हा पुन्हा नवे केले, पोट मात्र जुनंच. ते ओळखायची खूण म्हणजे प्लॉट. तोंड अरुंद, दोन-तीन खिडक्यांचं, आणि मागं लांबच लांब. आपल्या भाषेत दोन-तीन खणी घर, पण खोली दहा खणांची. पुढं दुकान किंवा कारखाना, वर राहणं, मागं गोठा, कोठार, परसू. व्यापारी आणि कारागिरांची घरं होती ही. तांबट लेनमध्ये जे जुनं घर उरलंय त्याचा नकाशा काढा आणि याचा काढा, फरक फक्त चौकाचा. आपल्याकडे मध्ये उघडा चौक येतो, त्यांच्याकडे थंडीमुळे मध्ये कमानी छताची बंद वाट येते, जिच्यातून बैलगाडी थेट मागच्या अंगणात जाईल.

ही कमानी वाट बघायची फार इच्छा होते. दार उघडं असतं, आत सावली दिसते. आत शिरू नका. ही माणसांची घरं आहेत, आत कुणाची तरी सायकल आणि कुणाचे तरी बूट आहेत. पहिल्या दिवशी मी उंबऱ्यात उभा राहून वाकून बघत होतो, तर आतून एक आजीबाई झाडू घेऊन आल्या. मी घाबरून "सॉरी सॉरी" म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत, झाडायला लागल्या, माझ्या पायाजवळचं सुद्धा. आमच्या वाड्यात परकं माणूस ओसरीवर चढलं की आमची आजी हेच करायची. मुकाट खाली उतरलो.

आत बघायचा सरळ मार्ग आहे. या चौकातल्या काही घरांत आता छोटी लॉज आणि खानावळी आहेत. तिथं राहा किंवा निदान सूप प्यायला बसा. कमानी छत, जाड भिंती, खिडकीच्या खोल कोनाड्यातली फुलं, सगळं हक्कानं बघता येतं. मी जिथं राहिलो तिथली भिंत मी हातानं मोजली, तीन वितींच्या वर. शिवाय तात्रा भागाच्या संग्रहालयाची एक शाखा याच चौकातल्या जुन्या घरात आहे. तिकडची संग्रहालयं सोमवारी बहुधा बंद असतात, म्हणून सोमवार टाळा.

दुसरं, आत जाताना बोला. स्लोव्हाक लोक रस्त्यात हसत नाहीत, त्याचा अर्थ रागावलेत असा नाही. पण दुकानात, खानावळीत शिरताना "दोब्री द्येन" म्हटलं नाही तर ते उद्धटपणाचं. निघताना "दोविद्येन्या". आभाराला "द्याकुयेम". या तीन शब्दांवर माझे दोन दिवस निघाले. दुसऱ्या सकाळी त्याच आजीबाईंना मी दहा फुटांवरून दोब्री द्येन घातला; त्यांनीही घातला, आणि झाडू न थांबवता.

दारांवर दोन-दोन नंबर दिसतील. चुकून नाही. एक अख्ख्या गावाच्या नोंदवहीतला, दुसरा त्या रस्त्यावरचा क्रम. आपला घरपट्टीचा नंबर वेगळा आणि सिटी सर्व्हे नंबर वेगळा, तसं. पत्ता शोधताना कुठला नंबर दिलाय ते आधी विचारा. मी लॉज शोधत चौकाला उगाच दोन प्रदक्षिणा घातल्या, रात्री, बॅग ओढत.

चर्च मात्र चुकवायचं नाही. ते संत युराजचं, म्हणजे सेंट जॉर्जचं. चर्च तेराव्या शतकातलं, पुढं वाढवलेलं. प्रार्थनेची वेळ सोडून ते उघडं सापडेलच असं नाही, म्हणून पोचल्या पोचल्या लॉजवाल्याला किंवा संग्रहालयात उघडायची वेळ विचारून ठेवा. आतली मुख्य वेदी १५१६ सालची, जवळच्या लेवोचा गावच्या मास्टर पावोल नावाच्या लाकूड कोरणाऱ्याच्या कारखान्यातली, लाकडाची. मधोमध संत घोड्यावर, खाली अजगरासारखा राक्षस. मी पाहिलं आणि तोंडातून गेलं, "खंडोबा!" घोडा तोच, आवेश तोच, खाली पडलेला तोच. त्यात गावाचं जुनं जर्मन नाव गेओर्गेनबेर्ग, जॉर्जची टेकडी. देवळाली कॅम्पला आपली खंडोबाची टेकडी. मग मला परकं काही उरलंच नाही. बाकावर अर्धा तास बसलो. घोड्याच्या मानेवरचे केस बघा, लाकूड आहे हे विसरायला होतं. फ्लॅश मारू नका.

बाहेरचा घंटेचा मनोरा १५९८ चा, चर्चपासून सुटा. संध्याकाळी घंटा वाजली तेव्हा मी त्याच्याखाली होतो. नाशिककराला चर्चची घंटा ओळखीची वाटण्याचं कारण आहे. आपल्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा वसईच्या विजयानंतर आलेली, पोर्तुगीजांचीच.

या गावाचा इतिहास लांबलचक आहे, पण एक गोष्ट माहीत असली तरी घरं वेगळी दिसतात. १४१२ साली हंगेरीच्या सिगिस्मुंड राजाला पैशांची निकड होती. त्यानं स्पिश भागातली गावं पोलंडच्या राजाकडे चक्क गहाण टाकली, सोबोता आणि पोप्राद त्यांतलीच. रक्कम ३७,००० 'कोपा' प्राग ग्रोशेन. कोपा म्हणजे साठ नाणी. गहाण सुटलं कधी? १७७२ ला, आणि तेही कर्ज फेडून नाही. पोलंडचेच लचके तुटत होते तेव्हा हंगेरीची राणी मारिया थेरेसानं गावं परत घेतली. तीनशे साठ वर्षं! सराफ बाजारातल्या कुठल्याही सावकाराला हे सांगा, तो व्याजाचा हिशेब करता करता चक्कर येऊन पडेल. मधल्या काळात इथल्या लोकांचा व्यापार पोलंडच्या वाटेवर चालू राहिला. तेव्हा ज्या घरासमोर तुम्ही उभे आहात ते गहाण पडलेल्या गावात सुखानं जगलेल्या माणसाचं आहे.

ही घरं बांधणारे बहुतेक जर्मन बोलणारे होते, तेराव्या शतकापासून तिथं वसलेले. दुसरं महायुद्ध संपता संपता त्यांतल्या बहुतेकांना तिथून हलवलं, हाकललं. आज घरांत राहणारी माणसं नंतर आलेली आहेत. जुन्या कबरींवर जर्मन नावं दिसतील, दारावरच्या पाट्यांवर ती नाहीत. याबद्दल कुणाला खोदून विचारू नका. आपणहून कुणी बोललं तर ऐकून घ्या. माझ्या लॉजवाल्याने मला जुना फोटो दाखवला, चौकात बैलगाड्या आणि टोप्या घातलेली माणसं. कोण म्हणून विचारलं, तर खांदे उडवले. आमच्या वाड्यातल्या शेवटच्या भाडेकरूलाही मूळ मालकाचं नाव सांगता आलं नव्हतं, आणि तो तिथं तीस वर्षं राहत होता.

आता पोटाचं. दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान खानावळीत 'देन्ने मेनू' म्हणजे आजचं ताट मागा. स्वस्त आणि पोटभर. तिकडचा राष्ट्रीय पदार्थ हालुश्की: बटाट्याच्या पिठाचे छोटे गोळे, त्यावर मेंढीच्या दुधाचं ब्रिंझा चीज. वरून मात्र डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकतात. माळकरी असाल तर आधीच "बेझ स्लानिनी" म्हणा, आणि ताट आल्यावर पुन्हा बघा. तळलेलं चीज, 'विप्राझानी सिर', शाकाहाऱ्याला सगळीकडे तारून नेतं, पण दोन दिवस सलग खाल्लं की छातीत जळजळ ठरलेली. सुपाच्या भरवशावर राहू नका, बीन्सच्या सुपात सुद्धा धुरावलेलं मांस निघतं. खाकरे आणि शेंगदाण्याची चटणी बॅगेत ठेवलेली बरी.

चहाला ते 'चाय'च म्हणतात. ऐकून जीव हरखतो. पण 'तात्रान्स्की चाय' मागितलात तर जवळच्या केझमारोकमध्ये बनणारी दारू येईल, बावन्न टक्के अल्कोहोलची. नाव चहाचं, रंग चहाचा. मला थंडीत ती आवडली, हे घरी सांगू नका. साधा चहा हवा असेल तर नुसतं 'चाय' म्हणा, आणि दूध वेगळं मागा.

कधी जावं? मे-जून किंवा सप्टेंबर. डिसेंबरात चारलाच अंधार पडतो. उन्हाळ्यातही स्वेटर न्या. उंची नाशिकपेक्षा थोडीच जास्त आहे, पण मागं साडेसव्वीसशे मीटरांपर्यंतचे डोंगर उभे आहेत, कळसूबाईवर हजार मीटर आणखी. त्यांच्यावरून वारा आला की कानटोपी आठवते. घरांचा फोटो काढायचा तर सकाळी लवकर एक फेरी आणि उन्हं कलल्यावर दुसरी, म्हणजे दोन्ही बाजूंना उजेड मिळतो. छप्पर कापू नका, चार पावलं मागं जा.

लोक म्हणतील, त्याच दिवशी लेवोचाही करून या, तिथं मास्टर पावोलची १८.६२ मीटर उंच वेदी आहे, जगातली सगळ्यात उंच लाकडी गॉथिक वेदी. खरं आहे, आणि बघायलाच हवी. पण वेगळा दिवस काढा. एका दिवसात दोन्ही केलंत तर दोन्हीकडे वीस-वीस मिनिटं होतील.

निघायच्या सकाळी मी सातला चौकात वही घेऊन बसलो आणि समोरच्या एका घराचा दर्शनी भाग काढला, अंदाजानं मापं टाकून. तीन खिडक्या, एक कमानी दार, वर छपराचा उभा त्रिकोण. आजीबाई झाडू टेकवून मागून बघत होत्या. वहीत बोट ठेवून त्यांनी एक खिडकी दाखवली आणि मान हलवली. खरंच चुकली होती; मी ती दोन खिडक्यांच्या बरोबर मध्ये काढली होती, आणि ती होती डावीकडे सरकलेली. रबर नव्हतं. तशीच वही बंद केली आणि गाडी पकडली. परतताना उजव्या खिडकीला बसा.